पॉलिमर-क्ले नॅनोकॉम्पोझिट: पद्धत बदलली की आतली रचना का बदलते?

पॉलिमरमध्ये नॅनोमीटरभर जाडीचे क्लेचे (मातीचे) पापुद्रे पसरले की त्याला नॅनोकॉम्पोझिट म्हणतात. माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉलिलॅक्टिक ॲसिड (पीएलए) तेच, क्लॉइसाइट ३०बी ही ऑर्गॅनोक्लेही (सेंद्रिय आयन बसवलेली क्ले) तीच, क्लेचं प्रमाण दोन्हीकडे ५ टक्के. एक नमुना क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून फिल्म ओतून केला, दुसरा वितळवून मिक्सरमध्ये घोटून. एक्सआरडीत (एक्स-रे विवर्तन; चळतीतल्या थरांचं अंतर त्यातल्या शिखराच्या जागेवरून कळतं) फिल्मला २.५ अंशांजवळ ठसठशीत शिखर दिसतं, वितळवलेल्या नमुन्यात काहीच दिसत नाही. मग दुसऱ्या नमुन्यात क्लेचे थर पूर्ण सुटे झाले असं म्हणायचं का? आणि एकूणच कोणती पद्धत चांगली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एवढ्या पुराव्यावर म्हणू नका. का, ते पुढे येईलच. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा मागे जाऊन हात घालावा लागतो.

क्लेचे पापुद्रे एकमेकांपासून सुटायला तीन गोष्टी लागतात. पॉलिमरला थरांमध्ये शिरायची ओढ हवी, शिरायला वेळ हवा आणि थरांची चळत मोडायला जोर हवा. प्रत्येक पद्धत या तिन्ही गोष्टी आपापल्या प्रमाणात पुरवते आणि मग कुठल्यातरी एका टप्प्यावर सगळं जागच्या जागी थिजवते. द्रावणाच्या पद्धतीत हा टप्पा द्रावक उडताना येतो, मोनोमरपासून बनवताना जेल बनताना, वितळवण्याच्या पद्धतीत माल डायबाहेर (यंत्राच्या तोंडाच्या साच्याबाहेर) पडून थंड होताना. यंत्रांवर आपल्याला दिसते ती त्या क्षणी जी होती ती स्थिती. ती समतोलाची असेलच असं नाही, बहुतेकदा नसतेच. त्यामुळे कोणताही नमुना समोर आला की मी आधी विचारतो, हा कुठे थिजला?

तुमच्या आकड्यांपासूनच सुरुवात करू. माँटमोरिलोनाइटचा (३०बीमधल्या मूळ क्लेचा) एक पापुद्रा साधारण १ नॅनोमीटर जाड असतो आणि आडवा पसारा शंभर ते काही शे नॅनोमीटर. पापुद्र्यातल्या काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसल्याने त्यावर ऋण भार येतो आणि तो फेडायला थरांमधल्या गॅलरीत सोडियमचे आयन बसलेले असतात. सोडियमवाली क्ले पाण्याशी सलगी करते, पॉलिमरशी नाही. म्हणून सोडियमच्या जागी लांब शेपटीचे अमोनियम आयन घालतात. ३०बीमध्ये त्या आयनावर दोन हायड्रॉक्सीएथिल गट आहेत, तेच पीएलएच्या कार्बोनिलशी जमवून घेतात. मूळ ३०बीमध्ये एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर १.८५ नॅनोमीटर. तांब्याच्या नळीच्या एक्स-रेवर त्याचं शिखर टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) ४.८ अंशांजवळ येतं. तुमच्या फिल्मचं २.५ अंश म्हणजे सुमारे ३.५ नॅनोमीटर. म्हणजे गॅलरीत पॉलिमर शिरलंय, थर लांब गेलेत, पण चळत शाबूत आहे. याला इंटरकॅलेशन म्हणतात. इथवर सगळं सरळ आहे.

घोळ दुसऱ्या नमुन्यात आहे. शिखर दिसत नाही याची कारणं अनेक असू शकतात. थर खरोखर सुटे झाले असतील. किंवा चळती आहेत, पण प्रत्येकीतलं अंतर कमीजास्त झाल्याने शिखर पसरून पार्श्वभूमीत विरलं असेल. किंवा अंतर इतकं वाढलं असेल की शिखर तुमच्या स्कॅनच्या सुरुवातीच्याही खाली गेलं. साध्या एक्सआरडीत २ अंशांच्या खाली थेट किरणाच्या उजेडात फारसं काही समजत नाही, तिथे सॅक्सच (लहान कोनातलं एक्स-रे विकिरण) लागतं. आणि एक कारण विद्यार्थी हमखास विसरतात: नमुन्यातली दिशा. ओतलेल्या फिल्ममध्ये द्रावक उडताना जाडी खूप कमी होते आणि पापुद्रे फिल्मच्या पृष्ठभागाला समांतर लोळतात. परावर्तन पद्धतीच्या एक्सआरडीत नेमके असे आडवे थरच शिखर देतात. त्यामुळे फिल्मचं शिखर आहे त्यापेक्षा कितीतरी उंच दिसतं. मिक्सरमधून काढून कुटलेल्या तुकड्यांमध्ये तेवढ्याच चळती वाटेल त्या दिशेला असतात आणि शिखर दबतं. म्हणजे तुम्ही दोन रचना ताडून पाहताय असं वाटतं, प्रत्यक्षात निम्मी तुलना दिशेची असते.

यावर उपाय स्वस्त आहे. फिल्मचे तुकडे आणि मिक्सरमधला माल, दोन्ही एकाच तापमानाला, एकाच साच्यात, सारखाच वेळ दाबून सारख्या जाडीच्या चकत्या करा आणि त्यांचं एक्सआरडी घ्या. आणि ते करण्याआधी मूळ फिल्मच्या दोन्ही बाजूंचं एक्सआरडी स्वतंत्र घ्या. काचेकडची बाजू आणि हवेकडची बाजू वेगळी दिसली तर समजा की वाळता वाळता क्ले तळाशी बसली. ३.५ नॅनोमीटरचं तुमचं शिखर कदाचित सगळं तळाच्या थरातूनच येत असेल.

आता द्रावणाच्या पद्धतीकडे. लांब साखळी अरुंद गॅलरीत शिरते तेव्हा तिचं वळवळण्याचं स्वातंत्र्य जातं, म्हणजे एन्ट्रॉपी घटते. द्रावणात हा तोटा भरून निघतो, कारण गॅलरीत आधी बसलेले द्रावकाचे कितीतरी रेणू बाहेर पडून मोकळे होतात. म्हणून क्लोरोफॉर्ममध्ये पीएलए सहज आत जातं, किंवा पाण्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल साध्या सोडियम क्लेमध्येही जातं. पातळ द्रावणात थर बरेचदा अगदी सुटे झालेले असतात, डोळ्यांनाही द्रावण निवळ दिसतं. खरा डाव पुढे असतो. द्रावक उडू लागला की पापुद्रे एकमेकांच्या जवळ ओढले जातात. पॉलिमर आणि क्ले यांची ओढ भक्कम असेल तर मध्ये पॉलिमर टिकून राहतं. ओढ बेताची असेल आणि वाळवणी सावकाश असेल तर थरांना पुन्हा चळत रचायला भरपूर सवड मिळते. पेट्री डिशवर झाकण ठेवून दोन दिवस हळूहळू वाळवलेली फिल्म दिसायला सुंदर येते, पण शिखरही तितकंच सुंदर येतं. तेच द्रावण ढवळत ढवळत मिथेनॉलमध्ये ओतून पॉलिमर झटकन खाली पाडलं, तर थरांना हलायला वेळच मिळत नाही आणि द्रावणातली विखुरलेली अवस्था बऱ्याच अंशी तशीच पकडली जाते. द्रावक तोच, पॉलिमर तेच, क्ले तीच, तरी रचना निराळी. शोधनिबंधात मात्र दोन्हीला 'द्रावण पद्धत' एवढंच नाव मिळतं. ही आमच्या क्षेत्राची जुनी खोड आहे.

अल्ट्रासोनिकेशनबद्दल (अतिध्वनी लहरींनी हलवण्याबद्दल) दोन शब्द. क्ले द्रावकात फुगवताना ते उपयोगी पडतं, पण जास्त वेळ आणि जास्त ताकदीने केलं की पापुद्रे सुटतात तसे तुटतातही. रुंदी गेली की पापुद्रा सुटा होऊन उपयोग काय? अडथळा म्हणून तो तितका कामाचा राहत नाही. शिवाय क्लोरोफॉर्म फिल्ममध्ये चिवटपणे टिकून राहतो आणि प्लास्टिसायझरसारखं (पॉलिमर मऊ करणाऱ्या पदार्थासारखं) वागतो. तुमच्या फिल्मचा मॉड्युलस (ताठपणा) कमी आला असेल तर क्लेला दोष देण्याआधी डीएससीत (उष्णता मोजणाऱ्या चाचणीत) काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ होतं ते) खाली सरकलंय का ते बघा.

मोनोमरपासून जागच्या जागी पॉलिमर बनवण्याची पद्धत या विषयाची जननी म्हणावी अशी. १९८०च्या दशकात टोयोटाच्या केंद्रीय संशोधन प्रयोगशाळेत नायलॉन ६ वर हे काम झालं आणि त्याचे सविस्तर निबंध १९९३ मध्ये आले. तिथली युक्ती बघण्यासारखी आहे. गॅलरीत १२-अमिनोडोडेकॅनॉइक ॲसिड बसवलं. त्याचं अमोनियमचं टोक क्लेला घट्ट धरून राहतं आणि दुसऱ्या टोकाचं कार्बोक्झिल कॅप्रोलॅक्टमचं वलय उघडतं. वितळलेला कॅप्रोलॅक्टम लहान रेणू असल्याने गॅलरीत आरामात शिरतो आणि साखळी गॅलरीच्या आतूनच वाढू लागते. ती वाढत जाते तसे थर आतून ढकलले जातात, आणि कित्येक साखळ्यांचं एक टोक आयनिक बंधाने पापुद्र्यालाच बांधलेलं राहतं. निकाल: ४-५ टक्के क्लेमध्ये मॉड्युलस १.१ वरून २.१ गिगापास्कलवर गेला, आणि भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ वरून १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. तेवढीच क्ले नायलॉनमध्ये नुसती मिसळून केलेल्या नमुन्यात मॉड्युलस साध्या नायलॉनच्याच आसपास राहिला, ताकद तर थोडी घटली. पद्धतीने काय फरक पडतो याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

या पद्धतीची कळ मात्र वेगाच्या शर्यतीत आहे. इपॉक्सीत (हार्डनर घालून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये) हे सर्वांत स्पष्ट दिसतं. रेझिन गॅलरीत शिरतं, मग हार्डनर येतो आणि क्युअरिंग (कडक होण्याची क्रिया) आत आणि बाहेर दोन्हीकडे सुरू होतं. बाहेरचं आधी जेल झालं तर विषय संपला. कडक झालेल्या जाळ्यात थरांना बाजूला सरायला जागाच नाही, पुढे कितीही पोस्ट-क्युअर करा. आतली क्रिया बाहेरच्या बरोबरीने किंवा पुढे चालली तरच थर उघडतात. मिशिगन स्टेट विद्यापीठात पिनाव्हाया यांच्या गटाने १९९०च्या दशकात दाखवलं की प्राथमिक अमोनियम आयन आम्लधर्मी असल्याने गॅलरीतल्या क्युअरिंगला उत्प्रेरकाचं काम करतात आणि समीकरण आतल्या बाजूला झुकतं. म्हणूनच इपॉक्सीत हार्डनर बदलला किंवा क्युअरिंगचं तापमान १०-२० अंशांनी हलवलं तरी रचना बदलू शकते, क्ले आणि मिक्सर तेच असले तरी. तुमच्या पीएलएसाठीही हा रस्ता उघडा आहे: ३०बीवरचे हायड्रॉक्सिल गट लॅक्टाइडचं (पीएलएच्या मोनोमरचं) वलय उघडण्याची सुरुवात करू शकतात, म्हणजे साखळ्या थेट क्लेवरून उगवतात. पण क्ले जास्त घातली की सुरुवात करणारी टोकंही वाढतात, साखळ्या आखूड होतात आणि रेणुभार घसरतो. रचना उत्तम आणि पॉलिमर कमजोर, असा सौदा पदरात पडतो.

आता वितळवून मिसळणं. उद्योगाला हेच परवडतं, कारण द्रावक नाही, रिॲक्टर नाही, एक्सट्रूडर (स्क्रूने वितळ घोटत पुढे ढकलणारं यंत्र) आधीपासून आहेच. १९९३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या वाया, इशी आणि जियानेलिस यांनी दाखवलं की पॉलिस्टायरीन आणि ऑर्गॅनोक्लेची भुकटी एकत्र दाबून पॉलिस्टायरीनच्या काच-संक्रमण तापमानाच्या वर नुसती तापवत ठेवली तरी साखळ्या गॅलरीत शिरतात. घोटणं नाही, द्रावक नाही. हिशेब असा की साखळीचा एन्ट्रॉपीचा तोटा अमोनियमच्या शेपट्यांना मोकळं व्हायला मिळाल्याने बराचसा भरून निघतो आणि अंतिम कौल पॉलिमर व पृष्ठभाग यांच्या ओढीवर ठरतो. ओढ नसेल, उदाहरणार्थ नुसतं पॉलिप्रोपिलीन, तर कितीही फिरवा, काही होत नाही. तिथे मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन सोबत घालावंच लागतं.

मग स्क्रूचा जोर कशासाठी? इथे एक गैरसमज फार घट्ट बसलाय: शिअर (घसरवणारा ताण) जितका जास्त, तितके थर सुटे. टेक्सास विद्यापीठात (ऑस्टिन) पॉल यांच्या गटाने २००१ मध्ये एकाच नायलॉन ६ आणि ऑर्गॅनोक्लेवर वेगवेगळे एक्सट्रूडर आणि स्क्रू लावून पाहिले. सर्वांत आक्रमक स्क्रूने सर्वोत्तम रचना दिली नाही. मध्यम शिअर आणि पुरेसा रेसिडेन्स टाइम (माल यंत्रात राहण्याचा वेळ) ही जोडी सरस ठरली. कारण काम दोन टप्प्यांत होतं. आधी दहा-वीस मायक्रॉनचा कण फुटून लहान चळती होतात, त्याला जोर लागतो. नंतर चळतीच्या कडेने साखळ्या शिरत जातात आणि वरचे पापुद्रे पत्त्यांच्या कॅटमधून पत्ते सरकावेत तसे एकेक निसटतात. या दुसऱ्या टप्प्याला वेळ लागतो. जोर वाढवून वेळ वाचवता येत नाही. उलट जास्त जोराने पापुद्रे मोडतात, वितळलेला माल नको तितका तापतो. त्याच गटाने हेही दाखवलं की जास्त रेणुभाराच्या नायलॉनमध्ये थर जास्त सुटतात, कारण घट्ट वितळ चळतीवर जास्त ताण टाकते. मास्टरबॅच (जास्त क्लेचं मिश्रण) करून मग पातळ करण्यामागेही हेच गणित आहे: क्लेचं प्रमाण जास्त असताना वितळ घट्ट असते.

तापमान हा वितळवण्याच्या पद्धतीचा दुखरा भाग. चतुर्थक अमोनियम (ऑर्गॅनोक्लेवरचे ते लांब शेपटीचे आयन) २०० अंशांच्या आसपास, कधी त्याआधीच, हॉफमान विलोपनाने (शेपटी सुटण्याच्या क्रियेने) तुटू लागतं. शेपट्या गेल्या की गॅलरी मिटते आणि शिखर उजवीकडे, ६-७ अंशांकडे सरकतं. तुमच्या नमुन्यात २ ते ५ अंशांत काही दिसत नाही म्हणून आनंदण्याआधी स्कॅन १० अंशांपर्यंत न्या. पीएलएच्या बाबतीत आणखी एक त्रास आहे. क्ले हवेतलं पाणी धरून ठेवते, आणि ओलसर क्ले घातली की वितळलेल्या पीएलएचं जलविच्छेदन होतं. साखळ्या तुटल्या की वितळ पातळ होते, पातळ झाली की चळतीवरचा ताण घटतो. मिक्सरचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) सुरुवातीनंतर सतत घसरत गेला असेल तर हेच झालंय. तो आलेख तुमच्याकडे असणारच. एक्सआरडीपेक्षा आधी तो काढून बघा.

बाकी पद्धतींचा धावता उल्लेख. एक्सट्रूडरमध्ये सोडियम क्लेची पाण्यातली स्लरी सोडून नंतर पाणी वाफ करून काढायचं, हे नायलॉनसाठी चालतं आणि महागड्या अमोनियमची गरज उरत नाही. नैसर्गिक रबराच्या लॅटेक्समध्ये पाण्यात फुगलेली क्ले मिसळून दोन्ही एकदम साकळवणं हाही त्याच जातीचा उपाय. साकळण्याचा वेग तिथे सगळं ठरवतो. आणि थरावर थर चढवत केलेल्या फिल्म अगदी वेगळ्या वर्गात मोडतात: २००७ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि माँटमोरिलोनाइटची अशी फिल्म आली, तिचा मॉड्युलस १०० गिगापास्कलच्या वर होता. पण ती शेकडो वेळा बुडवून बनते. बादली बनवायला ती कामाची नाही.

रचनेची एवढी उठाठेव कशासाठी, हे पॅकेजिंगच्या एका हिशेबातून दिसतं. निल्सनच्या सूत्रानुसार वायूची पारगम्यता (१ − फाय) भागिले (१ + अल्फा × फाय ÷ २) या पटीत येते. फाय म्हणजे क्लेचं घनफळातलं प्रमाण, अल्फा म्हणजे रुंदी भागिले जाडी. फाय २ टक्के आणि पापुद्रा २०० नॅनोमीटर रुंद धरा. सुटा पापुद्रा असेल तर अल्फा २००, पारगम्यता साधारण एक तृतीयांश. तेच पापुद्रे ३.५ नॅनोमीटर अंतराने दहा-दहाच्या चळतीत असतील तर चळत सुमारे ३२ नॅनोमीटर जाड, अल्फा जेमतेम ६. चळतीच्या पोटातलं पॉलिमरही अडथळ्यात धरलं तरी घट पाव हिश्श्याच्या आतच राहते. हे सूत्र पापुद्रे फिल्मला समांतर आहेत असं गृहीत धरतं. म्हणून ओतलेली फिल्म चळती असूनही पारगम्यतेत चांगली ठरू शकते, आणि इंजेक्शन मोल्डिंग केलेल्या तुकड्यात त्वचेजवळ पापुद्रे आडवे आणि गाभ्यात वेगळे असल्याने कुठून नमुना कापला यावर आकडा बदलतो.

एक हिशेब आणखी तपासा. तुमचे ५ टक्के म्हणजे ऑर्गॅनोक्लेचे ५ टक्के. ३०बीच्या वजनात सुमारे ३० टक्के भाग सेंद्रिय असतो, म्हणजे खरी क्ले साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दोन पद्धतींत क्ले किती टिकली हे नमुना जाळून उरलेल्या राखेवरूनच कळतं. द्रावणात थोडी तळाशी राहते, मिक्सरमध्ये थोडी भिंतीला चिकटते. राखेचे आकडे जुळल्याशिवाय मॉड्युलसची तुलना करू नका.

टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) करालच. तेव्हा आधी कमी विवर्धनावर पाच-सहा जागा बघा, मायक्रॉनचे गठ्ठे आहेत का ते पाहा, मग आत शिरा. जास्त विवर्धनावरचा एकच देखणा फोटो कोणत्याही नमुन्यातून काढता येतो. आणि ऱ्हिओमीटर (वितळ कशी वाहते ते मोजणारं यंत्र) असेल तर तो आधी वापरा: कमी वारंवारतेला स्टोरेज मॉड्युलसचा (वितळीच्या लवचिक ताठपणाचा) उतार लॉग आलेखावर २ च्या जवळ असेल तर थर फारसे सुटलेले नाहीत, तो आडवा होऊ लागला असेल तर पापुद्र्यांनी आपसात जाळं धरलंय. टीईएम काही मायक्रॉन बघतं, ऱ्हिओमीटर अख्खा ग्रॅमभर नमुना.

पद्धतीची निवड विचारलीत म्हणून: पॅकेजिंगच्या फिल्म करायच्या असतील तर तुम्ही वितळवण्याचाच रस्ता धरावा असं मी म्हणेन. पीएलए आणि क्ले दोन्ही व्हॅक्युममध्ये कोरडे करून, जास्त रेणुभाराच्या ग्रेडमध्ये १५-२० टक्क्यांचं मास्टरबॅच करा, तापमान १९० च्या खाली ठेवा, मग पातळ करा. द्रावणाचा नमुना संदर्भ म्हणून ठेवा, पण मिथेनॉलमध्ये पाडलेला आणि दाबून चकती केलेला. आणि निबंधाच्या प्रयोग विभागात पद्धतीच्या नावापुढे वाळवण्याचा वेळ, स्क्रूचा वेग, रेसिडेन्स टाइम आणि थंड करण्याची रीत लिहा. ते नसलं तर तुमची रचना दुसऱ्या कुणाला पुन्हा मिळणार नाही.